तोंड न्हाई लावायचं

सरांनी बाहुलीचं तोंड ओढून काढलं आणि स्पिरिटच्या ट्रेमध्ये टाकलं.

माझ्या आधी चौघांनी त्या तोंडाला तोंड लावलं होतं. प्रत्येकानंतर स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि पुढच्यानं वाकायचं, असा नियम होता. माझ्यानंतर बोळा फिरला. एकदा. पुन्हा एकदा. तरी पुढची सिस्टर उभीच राहिली. पुण्यातल्याच एका दवाखान्यात ती कामाला होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "सर, दुसरं तोंड लावता का? स्पेअर आहे ना?"

बाहुली म्हणजे कमरेपर्यंतचा रबरी माणूस. त्याच्या छातीत स्प्रिंग. तोंडातून श्वास नीट गेला की छाती वर येते. ओठ, नाक, हनुवटी असा एक तुकडा सुटा निघतो. असे दोन तुकडे होते. दुसरा पुढच्या बॅचसाठी राखून ठेवलेला होता. तो आमच्याच बॅचला, तिसऱ्या दिवशी निघाला.

सर वाईट नव्हते. चहाच्या सुट्टीत त्यांनी मला बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही असं करा, उद्यापासून शेवटी घ्या. उगाच कुणाला अडचण नको."

मी "हो सर" म्हणाले.

अँब्युलन्सवरच्या कामाचं ते ट्रेनिंग दहा दिवसांचं होतं. राहिलेले सात दिवस मी शेवटी घेतलं. शेवटच्या माणसानंतर कुणी नसतं. बोळा फिरवायची गरज नसते. तरी मी रोज फिरवला. माझी जागा मीच पुसली. आज त्यातलं हेच मला जास्त टोचतं. सरांचं बोलणं नाही. माझा बोळा.

त्यांना माझी जात कशी कळली, हे सांगितलं पाहिजे. मीच सांगितली होती. पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाला उभं करून पूर्ण नाव, गाव आणि या कामात का आलात, ते विचारलं. मी नाव सांगितलं. शिरूर तालुका सांगितला. आणि म्हणाले, माझी आई सुईण आहे, तीस वर्षं बाळंतपणं करते. अभिमानानं म्हणाले. मागून कुणीतरी विचारलं, "म्हणजे कोणत्या समाजाच्या?" मी तेही सांगितलं. मांग. सर "छान" म्हणाले आणि पुढच्याला उठवलं.

भिंतीवर एक तक्ता होता. वरच्या तीन ओळी मोठ्या अक्षरांत. नाव सांगा. काम सांगा. परवानगी मागा. पेशंटला हात लावण्याआधी या तीन गोष्टी, त्यानंतर श्वास, नाडी, रक्तस्राव आणि बाकी सगळं. सर म्हणायचे, अनोळखी माणूस तुमच्या शरीराला हात लावतोय, तर तो कोण आहे हे कळण्याचा तुमचा हक्क आहे.

सगळ्या तक्त्यात मला त्या तीनच ओळी आवडल्या. आईला आमच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर कुणी नावानं हाक मारली नव्हती. सुईण आली का, सुईणीला बोलवा, सुईणीला वाढा. वाढायचं ते बाहेर. आणि इथे भिंतीवर लिहिलं होतं, की आधी नाव सांगा. मी त्यावर विश्वास ठेवला. परीक्षेत मी बॅचमध्ये पहिली आले. ते सर्टिफिकेट अजून माझ्याकडे आहे.

मला पुण्याला पाठवलं होतं शिरूरच्या एका ट्रस्टनं. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. पुण्यात फोन केला की शिकलेलं माणूस बसलेली अँब्युलन्स येते, असं सगळे सांगत होते. नगर रोडवर अपघात तर रोजचे. तालुक्यातल्या बागायतदारांनी ट्रस्ट काढला, गाडी घेतली, आणि गाडीच्या मागे बसायला माणूस शोधायला लागले. मी मामाकडे दौंडला राहून बारावी झाले होते. मामा रेल्वेत खलाशी, म्हणजे हेल्पर. क्वार्टरमध्ये राहून नर्सिंग सहायकचा एक वर्षाचा कोर्सही केला होता. ट्रस्टकडे दोन मुलींचे अर्ज आले. दुसरीला कळलं, की मढं असलं तरी मागे बसावं लागेल. ती आली नाही. म्हणून मी.

गाडी चालवायचे बापू. न्हावऱ्याचे. धनगर समाजातले. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. बापूंनी मेंढरं मोडली, दीड एकर कांदा केला आणि ड्रायव्हरचं लायसन काढलं. माझ्याशी नीट वागायचे. त्यांच्या आणि माझ्यामध्ये एक सरकती काच होती. चेष्टेनं म्हणायचे, "आपलं बरंय बाय. तू मागं, मी म्होरं, मधी काच."

पहिले सहा महिने मला दोनच कामं मिळाली. बाळंतपणाला निघालेली बाई असली की मला बोलवायचे. मढं असलं की बोलवायचे. मधलं काही असलं, म्हणजे छातीत दुखणारा माणूस, विंचू चावलेला, मोटरसायकलवरून पडलेला, तर घरची माणसं मागे बसायची आणि मला पुढे बापूंच्या शेजारी बसवायची. काचेतून मी बघायची. मान चुकीची धरली आहे हे दिसायचं. काच वाजवून सांगायची. कधी ऐकायचे, कधी नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवते, कारण पुढे तिचा संबंध येतो. श्वास देण्याची पिशवी असते. हातानं दाबायची, पुढे मुखवटा. गाडीबरोबर दोन आल्या होत्या. मोठ्या माणसाची गाडीत होती. तान्ह्या बाळाची ट्रस्टच्या ऑफिसमध्ये, काचेच्या कपाटात. प्लास्टिकसकट. पाहुणे आले की त्यांना दाखवायला. मी दोनदा मागितली. सचिव म्हणाले, हरवेल.

कांदा काढणीचे दिवस होते. सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला. मांडवगणच्या पुढची वस्ती. फोन करणारे स्वतः ट्रस्टी होते. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. त्यांच्या सुनेच्या कळा सुरू झाल्या होत्या. पहिलंच बाळंतपण. मुलगा डॉक्टरांना सांगायला मोटरसायकलवर शिरूरला पुढे गेला होता.

सून विशीची असेल. तिला स्ट्रेचरवर घेतलं. शेजारी तिची सासू बसली. त्यांना वस्तीवर आक्का म्हणत. आप्पा पुढे बापूंच्या शेजारी. मी मुलीच्या पायाशी बसले आणि तक्त्याप्रमाणे बोलले. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अँब्युलन्सवर काम करते. तुम्हाला तपासू का?

मुलीनं मानेनं हो म्हटलं. आक्कांनी आडनाव ऐकलं होतं.

"कुनाची गं तू? सुईनीची?"

मी हो म्हणाले.

"मंग बरं झालं. तुझ्या आईनं माजी दोन्ही पोरं काढली."

त्या खरंच निर्धास्त झाल्या. पाठ टेकून बसल्या. मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही. मला बरं वाटलं.

न्हावऱ्याच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या पट्ट्यात, बाळाचं डोकं दिसायला लागलं. मी काच वाजवली. बापूंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागून कांद्यानं भरलेला एक ट्रॅक्टर येत होता, तोही थांबला. त्यावरची दोघं खाली उतरून उभी राहिली. आप्पांनी मागचं दार उघडलं आणि आमच्याकडे पाठ करून दारात उभे राहिले.

मूल माझ्या हातात आलं. मुलगा. वजन चांगलं. रंग निळसर. रडला नाही.

काय करायचं ते मला पाठ होतं. पुसलं. पाठ चोळली. रबरी फुग्यानं आधी तोंड साफ केलं, मग नाक. तळव्यांवर टिचक्या मारल्या. हात-पाय ढिले. छाती हलत नव्हती. मग नाळेच्या मुळाशी, पोटाजवळ दोन बोटं ठेवली. तिथे तान्ह्या बाळाचे ठोके लागतात. सहा सेकंद मोजायचे. आठ ठोके आले. कमी होते, पण होते. मूल जिवंत होतं.

यापुढची पायरी श्वास. मोठी पिशवी लावून पाहिली. तिचा मुखवटा बाळाच्या डोळ्यांपासून गळ्यापर्यंत आला. हवा बाजूनं निघून गेली. राहिलं तोंड. बाळाचं तोंड आणि नाक दोन्ही आपल्या तोंडात घ्यायचं. छातीतला श्वास द्यायचा नाही, फक्त गालात मावेल एवढा. रांगेत शेवटी उभी राहूनही मी ते सर्वांपेक्षा चांगलं शिकले होते.

मी विचारलं.

"आक्का, बाळाला तोंडानं श्वास द्यावा लागंल. देऊ का?"

आक्कांचा हात आला आणि बाळाच्या तोंडावर बसला. पूर्ण पंजा. रागानं नाही. आपण दुधावर झाकण ठेवतो तसा.

"हात लावलास त्ये ठीक हाय. त्ये तुमचंच काम हाय. तोंड न्हाई लावायचं."

मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी मान वळवली नाही. ट्रॅक्टरवरची दोघं त्यांच्यापासून चार पावलांवर होती. आप्पा रस्त्याकडे बघत म्हणाले, "न्हाई म्हनतीय ना ती. दुसरं काय असंल त्ये कर."

तेवढ्यात मुलीनं कोपरावर भार देऊन मान वर केली. तिच्या ओठांना कोरड पडली होती. म्हणाली, "करा ताई. करा तुमी."

"तू गप पड," आक्का म्हणाल्या.

मुलगी पडली.

नाळेवर बोटं होती. सहा सेकंद. सहा ठोके.

आक्का म्हणाल्या, वार पडू दे, वार भाजू, म्हंजी रडंल. तुझी आई त्येच करायची. आमच्या भागात ही जुनी रीत आहे. मूल रडलं नाही की नाळ न तोडता वार, म्हणजे बाळामागून पडणारा नाळेचा गोळा, तव्यावर किंवा विस्तवावर गरम करायची. त्या उबेनं नाळेतून जीव येतो, असं म्हणतात. आप्पांनी ट्रॅक्टरवाल्यांना सांगितलं. त्यांनी घमेल्यातली माती झटकली, उसाचं पाचट आणलं आणि रस्त्याच्या कडेला पेटवलं. मनापासून केलं. एकजण वाकून फुंकर घालत होता. विस्तवाला.

वार अजून पडली नव्हती.

मी पुन्हा म्हणाले, "आक्का, येळ न्हाई." आक्कांनी बाळ स्वतःच्या मांडीवर घेतलं. माझी दोन बोटं नाळेवर होती, तेवढी राहू दिली. बापू काचेपलीकडे समोर बघत बसले होते. धूर गाडीत येत होता.

चार ठोके.

मी मोजत राहिले. मोजायचं मला शिकवलं होतं. मोजायला कुणाची परवानगी लागत नाही.

तीन. मग दोन, पण तेही नक्की नाही. मग माझ्याच बोटातला ठोका लागायला लागला. तो ओळखायलाही शिकवलं होतं.

वार पडली तोपर्यंत पाचट विझलं होतं.

आक्कांनी बाळाकडे बघितलं. मग मांडीवरून उचलून माझ्यासमोर धरलं.

"घे. गुंडाळ."

आता घे. जन्माची घाण आमच्या हातानं काढायची. मेल्यावर गुंडाळायचं आमच्या हातानं. मधला श्वास तेवढा आमचा चालत नाही. मी मूल हातात घेतलं आणि गुंडाळलं. मुलीनं विचारलं, रडला का?

दिवस मावळायच्या आत मी मांडवगणला आईकडे गेले. ती दारात तुरी पाखडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. पहिला प्रश्न एवढाच विचारला.

"तू इचारलंस?"

मी म्हणाले, विचारायचं असतं. पुण्याला तसं शिकवतात.

आई माझ्याकडे बघत राहिली. मला वेड लागलं असावं, तसं. मग दारातून बाहेर डोकावली, कुणी नाही हे बघितलं आणि म्हणाली, "वार भाजून कुटं जीव येतोय व्हय? इस्तव आनायला बायका चुलीकडं जाव्यात म्हनून भाजायला लावायची. त्या गेल्या की भिताडाकडं तोंड करायचं, पदर वडायचा आन् फुकायचं. तेवडाच येळ मिळतुया."

तीस वर्षं. पदराखाली. किती मुलं, तिला सांगता येईना. बोटं मोजायला लागली आणि सोडून दिलं. मग म्हणाली, "आज मेलेल्या पोराच्या बापालाबी म्याच फुकलंय. न्हाईतर तो कुटला वाचतोय."

मी तिला विचारलं, एकदाही कुणाला सांगितलं का नाहीस? तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. "सांगून काय करू? अजून हितंच ऱ्हायचंय आपल्याला. तूबी बोलू नगंस."

मला तिचा अभिमान वाटला असं लिहिणं सोपं आहे. तसं झालं नाही. मला तिचा राग आला. तिनं एकदा जरी सांगितलं असतं, की तुमची मुलं माझ्या तोंडानं जगली, तर आज कुणी पाचट पेटवलं नसतं. तिनं लपवलं म्हणून त्यांना विस्तव खरा वाटला. मी विचारलं म्हणून त्या विस्तवाला वेळ मिळाला. आम्ही दोघींनी मिळून ते केलं होतं. तिनं त्यांची लाज सांभाळली. मी त्यांचा मान ठेवला. मूल दोन्हींच्या मधून गेलं.

आणि एक गोष्ट मला आईच्या दारातच कळली. ती मी तिलाही बोलले नाही. परवानगी मिळाली होती. मुलीनं स्पष्ट सांगितलं होतं, करा. मूल तिचं होतं. पेशंट ती होती. तक्त्यावर लिहिलेली परवानगी तिचीच होती. ती मी धरली नाही. आक्का तिला गप म्हणाल्या तेव्हा मीही तिला गप केलं. परवानगी कुणाची चालते, हे पुण्यातला तक्ता मला शिकवू शकला नाही. ते मी आधीच शिकून गेले होते.

तिसऱ्या दिवशी ट्रस्टच्या ऑफिसमध्ये बोलावलं. सचिव आणि आप्पा, दोघंच. काचेच्या कपाटात पिशवी होती. टेबलावर गाडीच्या फेऱ्यांची वही. त्या दिवशीच्या फेरीपुढे सचिवांनी लिहून ठेवलं होतं: 'प्रवासात प्रसूती. मूल मृत जन्मले. मदतनीसाने आवश्यक ते सर्व केले.' खाली माझी सही हवी होती.

मी म्हणाले, मूल जिवंत जन्मलं. नाळेत ठोके होते. मी मोजलेत.

सचिव म्हणाले, त्यानं आता काय होणार आहे? यात तुझ्यावरही काही येत नाही. सही कर आणि कामाला लाग.

आप्पा इतका वेळ खिडकीकडे बघत होते. ते वळले. आवाज चढला नाही.

"तू इचारलंस कशाला? ट्रॅक्टरवाली दोगं हुबी व्हती. चार मानसांत तू इचारलंस, मंग आमाला न्हाईच म्हनावं लागतंय. न इचारता केलं असतंस, तर कोन काय बोललं असतं?"

त्यांचे डोळे भरले होते. ते नाटक नव्हतं. नातू त्यांचा होता.

मी त्या वाक्याचा खूप विचार केला आहे. अजून करते. त्यात खोटं काही नाही. माझ्या तोंडाचा विटाळ त्यांना सहन झाला असता. तो कबूल करणं सहन झालं नसतं. मूल जगावं असं त्यांना वाटत होतं, पण त्याची जबाबदारी माझ्या चोरीवर टाकून. मी चोरी केली असती तर त्यांनी डोळे मिटले असते. आईनं तीस वर्षं तीच चोरी केली. मी उघड विचारलं, हा माझा गुन्हा. आणि मूल गेल्यावर सही करून त्यांना त्यातूनही सोडवायचं, हे माझं पुढचं काम.

मी पेन घेतलं. सचिवांना वाटलं, सही करते. मी त्यांच्या ओळींखाली लिहिलं:

'जन्मताना नाळेत ठोके होते. सहा सेकंदांत आठ. तोंडाने श्वास देण्यास मुलाच्या आईने हो म्हटले. सासू आणि ट्रस्टी नाही म्हणाले. मी त्यांचे ऐकले. ऐकायला नको होते. लहान मुलाची पिशवी कपाटात आहे.'

मग सही केली. पूर्ण नाव.

सचिवांनी वाचलं. म्हणाले, "हे खोडा."

मी म्हणाले, "नाही."

एवढाच शब्द. तो म्हणायला मला तेवीस वर्षं लागली होती, आणि तोही उशिरा आला होता. ज्याच्यासाठी म्हणायला हवा होता ते मूल पुरलेलं होतं.

त्या दिवसापासून मला कामावर घेतलं नाही. बापू एकदा भेटले, शिरूरच्या स्टँडवर. वही नवीन घातली म्हणाले. मागे बसायला आता कुणी नाही, घरची माणसंच बसतात. निघताना म्हणाले, "बाय, त्या दिवशी मी मधी पडलो असतो, तर माजी बी गाडी गेली असती." खरंच गेली असती. पिशवी अजून कपाटातच आहे का, हे त्यांनीच आपणहून सांगितलं. आहे.

त्या मुलीला मी पुन्हा पाहिलं नाही. वस्तीवर मला जाता येत नव्हतं. आईला पुढे कुणी बाळंतपणाला बोलावलं नाही. मी लिहिलेलं बाहेर फुटलं होतं. आईनं मला तोंडावर कधी दोष दिला नाही. एकदा फक्त म्हणाली, "आता कोन फुकनार?"

मी दौंडला मामाकडे परत गेले. स्टेशनजवळच्या एका खासगी अँब्युलन्सवर लागले. तिथे रेल्वेखाली आलेली माणसं जास्त. त्यांना नाव सांगायचा प्रश्न नसतो.

दुसऱ्या वर्षी, बाजारच्या दिवशी, दुपारी, एसटी स्टँडच्या दारात एक म्हातारा कोसळला. धोतर, पांढरी टोपी, हातात बी-बियाण्याची पिशवी. शेजारी तिशीतला मुलगा, "दादा, दादा" करत हलवत होता. आमची गाडी समोरच होती. मी धावले. श्वास नाही. मानेला बोटं लावली. नाडी नाही. गुडघ्यांवर बसले, छाती दाबायला सुरुवात केली, मान मागे घेतली आणि तोंड लावलं.

कुणालाही विचारलं नाही.

गर्दी झाली. कुणीतरी म्हणालं, बाई डॉक्टर हाय का? दुसरा म्हणाला, "ताई, नाव काय तुमचं? कुठल्या?" मी दाबत होते. म्हणाले, "नंतर." ड्रायव्हरनं स्ट्रेचर आणलं. गाडीत, मग दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत, मी थांबले नाही. माझ्या तोंडात त्याच्या तंबाखूची चव होती. डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. तो वाचला नाही. बहुतेक वेळा वाचत नाहीत, हेही मला शिकवलं होतं.

मी उठून उभी राहिले. मुलगा समोर होता. मी त्याला सांगितलं, तुमच्या वडिलांना मी श्वास दिला, तोंडानं. माझं नाव हे. वडिलांचं नाव, आडनाव. तो विचारील त्याच्या आधी समाजही सांगितला. व्हरांड्यात ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

त्यानं हात जोडल्यासारखे केले आणि अर्ध्यात सोडले. मग पाण्याचा तांब्या आला. वडिलांच्या तोंडात पाणी घालायच्या आधी त्यानं उपरण्याचं टोक भिजवलं आणि त्यांचे ओठ पुसले. एकदा. पुन्हा एकदा.

मी तिथेच उभी राहून बघितलं. मान खाली घातली नाही.

यात काही बदलेल असं मला वाटत नाही. पुढचाही पुसेल. त्याच्या पुढचाही. ज्यांचं माणूस वाचेल तेही पुसतील, फक्त घरी नेऊन. मी कुणाचं मन बदलायला या कामात राहिलेली नाही. पण त्यांना नाही म्हणायची संधी मी पुन्हा देणार नाही. शुद्धीवर असेल त्या माणसाला विचारीन. तान्हं मूल असेल तर त्याच्या आईला विचारीन, आणि ती हो म्हणाली की दुसऱ्या कुणाकडे बघणार नाही. बाकीच्यांना विचारणार नाही. आणि आईसारखं पदराखालीही करणार नाही. करीन ते चार माणसांत, उजेडात, आणि करून झाल्यावर नाव सांगीन. पूर्ण. त्यांनी डोळे मिटून घ्यावेत एवढीही सवलत मी त्यांना देणार नाही.

त्या दिवशी गाडीत येऊन बसले. ड्रायव्हरनं पाण्याची बाटली आणि फडकं पुढे केलं. तंबाखूची चव तशीच होती.

पाणी प्यायले. फडकं कोरडंच परत दिलं.